खोली क्रमांक ७९६

रविवार, रात्री.

हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) पुन्हा पाहिला. सगळे बोलतात ते विमानाच्या पाठलागाबद्दल. या खेपेला मला त्याआधीचं हॉटेल जास्त भावलं.

न्यूयॉर्कचं प्लाझा. जाहिरातवाल्या थॉर्नहिलला (केरी ग्रँट) आईला तार करायची असते, म्हणून तो बेलबॉयला हात करतो. पोरगा नेमका तेव्हाच 'जॉर्ज कॅपलन' असं पुकारत फिरत असतो. कॅपलनसाठी दाराशी टपलेल्या दोघांना तेवढं पुरतं, ते यालाच कॅपलन समजून उचलतात. चेहऱ्यातलं साम्य नाही, जुळा भाऊ नाही. फक्त हात वर करायची वेळ चुकली.

मग आपण कॅपलन नाही याचा पुरावा शोधायला तो कॅपलनच्या खोलीत जातो, ७९६ मध्ये, आणि जास्तच फसतो. साफसफाईवाली बाई त्याला कॅपलन समजते. का, तर तो ७९६ मध्ये आहे. मला याआधी कधी पाहिलंस, म्हणून विचारलं तर ती सांगते, आत्ताच, दाराबाहेर! म्हणजे कॅपलनला कुणीच पाहिलेलं नाही. कपाटातला सूट त्याला आखूड होतो, एवढा एकच साक्षीदार त्याच्या बाजूचा. तेवढ्यात फोन वाजतो आणि हा शहाणा तो उचलतो. कॅपलनच्या खोलीतला फोन कॅपलनच उचलणार, नाही का?

लेहमनच्या पटकथेतली खरी मेख पुढे आहे. कॅपलन हा हेरखात्याने रचलेला, अस्तित्वातच नसलेला माणूस आहे, हे आपल्याला पहिल्या तासाच्या आतच कळतं. थॉर्नहिलला मात्र नाही. कोडं तिथे संपतं, पण जीव टांगणीला लागतो तो तिथूनच. म्हणूनच थॉर्नहिलच्या मागे विमान लागतं तो प्रसंग भर उन्हात, मोकळ्या माळावर चालतो. एक गाडी जाते, दुसरी जाते, कुणी थांबत नाही. पीकच नसलेल्या शेतावर फवारणी चाललीय, असं बसची वाट पाहणारा माणूस सहज बोलून जातो. बर्नार्ड हरमनचं संगीत पूर्ण गप्प. विमान टँकरवर आदळतं तेव्हाच ते उसळतं. एका माणसाला मारायला विमान कशाला, हा प्रश्न रास्त आहे, पण पाहताना सुचत नाही.

विमानतळावर हेरखात्याचा प्रमुख थॉर्नहिलला अखेर सगळं सांगायला लागतो, तर विमानाच्या पंख्यांच्या घरघरीत त्याचे शब्द बुडून जातात. आपल्याला ते केव्हाच ठाऊक असतं. आपण नुसता केरी ग्रँटचा चेहरा बघायचा.