कोड कोणाचा आणि तो आला कुठून

एखादा सॉफ्टवेअर प्रकल्प मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे त्याचा कोड वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा सर्वांना आहे, एवढे वाचून मी थांबत नाही. त्यातील कोडचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) एका कंपनीकडे एकवटला आहे की लिहिणाऱ्यांमध्ये विखुरलेला आहे, हे मी आधी शोधतो. आज त्या कोडचे काय करता येईल हे परवाना सांगतो; पुढची आवृत्ती कोणत्या परवान्याखाली येईल हे मात्र बव्हंशी मालकीवरून ठरते. ज्या सॉफ्टवेअरवर आपण वर्षानुवर्षांचे काम उभे करतो, त्याच्याबाबत हा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

कोड लिहिला गेला त्या क्षणीच त्याचा स्वामित्वहक्क निर्माण होतो. स्वामित्वहक्काविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. मुक्त परवाना हा हक्क सोडून देत नाही, त्याच्याच आधारावर उभा राहतो. अमेरिकेतील एका अपील न्यायालयासमोर 2008 साली आलेले प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. मॉडेल रेल्वे चालवण्याच्या एका मुक्त प्रकल्पातील फाइली दुसऱ्याने आपल्या उत्पादनात घेतल्या होत्या आणि मूळ लेखकांची नावे व स्वामित्वहक्काची सूचना गाळली होती. मुक्त परवान्यातील अशा अटी मोडल्यास स्वामित्वहक्कभंगाचा दावा करता येतो, हे न्यायालयाने मान्य केले. फाइलीच्या माथ्यावरच्या त्या दोन-चार ओळी कोणी वाचत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हे प्रकरण आवर्जून सांगतो.

मालकी कोणाकडे ठेवावी याबद्दल मोठ्या प्रकल्पांनी वेगवेगळे मार्ग निवडले आहेत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेने जीसीसी हा कंपायलर, ईमॅक्स हा मजकूर-संपादक अशा प्रकल्पांसाठी योगदानकर्त्यांकडून स्वामित्वहक्क लेखी हस्तांतरित करून घेतले, कारण सगळे हक्क एका ठिकाणी असले की परवाना मोडणाऱ्याविरुद्ध उभे राहणे सोपे जाते. जीसीसीने ही सक्ती 2021 मध्ये उठवली. लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याने, असे हस्तांतर कधी मागितलेच नाही. तेथे 2004 पासून प्रत्येक पॅचखाली, म्हणजे कोडमधील प्रस्तावित बदलाखाली, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ असते, आणि ती लिहिणारा हे काम देण्याचा अधिकार आपल्याला असल्याची ग्वाही देतो. परिणामी कर्नलचे हक्कदार हजारोंच्या संख्येने आहेत आणि त्यांची संमती गोळा करून परवाना बदलणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. काहींना ही अडचण वाटते. मला ती कर्नलची सर्वांत भक्कम तटबंदी वाटते.

अर्थात या तटबंदीची किंमतही मोजावी लागते. इंटरनेटवरील संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पाला आपला जुना, इतर परवान्यांशी न जुळणारा परवाना सोडून अपाची हा दुसरा मुक्त परवाना स्वीकारायचा होता, तेव्हा 2017 मध्ये जुन्या योगदानकर्त्यांना पत्रे गेली. उत्तर आले नाही तर हरकत नाही असे धरू, हा त्यातील मजकूर अनेकांना खटकला, आणि तो खटकायलाच हवा होता, कारण मौनाने हक्क हस्तांतरित होत नाहीत. नव्या परवान्याची 3.0 आवृत्ती 2021 मध्ये आली.

याच्या उलट चित्र टेराफॉर्म या सर्व्हरसारख्या संगणकीय सुविधा उभारण्याच्या साधनाचे. ते बनवणारी हॅशिकॉर्प ही कंपनी योगदानकर्त्यांकडून मालकी घेत नव्हती, पण करारातून इतका व्यापक परवाना घेत होती की ऑगस्ट 2023 मध्ये कंपनीने एकतर्फी निर्णयाने पुढील आवृत्त्या मुक्त परवान्यातून बाहेर नेल्या. शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून ओपनटोफू हा प्रकल्प निघाला. एप्रिल 2024 मध्ये हॅशिकॉर्पने त्याच्यावर नव्या परवान्याखालचा कोड उचलल्याचा आरोप केला. ओपनटोफूने आरोप नाकारला आणि वादग्रस्त कोड पूर्वीच्या मुक्त आवृत्तीतील कोणत्या कोडवरून घडला, हे फंक्शनागणिक, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्यागणिक, मांडून दाखवले. कमिटचा, म्हणजे कोडमधील प्रत्येक नोंदवलेल्या बदलाचा, इतिहास नीट जपलेला नसता तर असे उत्तर देणे किती अवघड गेले असते, याचा विचार प्रत्येक प्रकल्पचालकाने करावा.

पॅच तपासताना म्हणूनच मी आधी त्याची वंशावळ पाहतो. आजूबाजूच्या कोडपेक्षा एखाद्या फंक्शनची नावे ठेवण्याची पद्धत वेगळी दिसली, किंवा प्रकल्पात कोठेही न वापरलेल्या पर्यायाची हाताळणी त्यात आढळली, तर ते दुसरीकडून आले असण्याची शक्यता असते, आणि मी सरळ विचारतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्यात गैर काही नाही. पुनर्वापरासाठीच तर हे परवाने आहेत. फक्त मूळ प्रकल्पाचे नाव, तेथील कमिटची ओळख आणि परवाना कमिटच्या संदेशात यावा, आणि मूळ सूचना फाइलीत तशीच राहावी. दिशाही पाहावी लागते: एमआयटी या सैल अटींच्या परवान्याचा कोड जीपीएल या, बदललेली प्रतही आपल्याच अटींवर वाटायला लावणाऱ्या, परवान्याच्या प्रकल्पात सूचनेसह घेता येतो, पण जीपीएलचा कोड एमआयटी प्रकल्पात घेतला की ते एकत्रित सॉफ्टवेअर जीपीएलच्याच अटींवर वितरित करावे लागते. नोकरदार योगदानकर्त्याने आपला नोकरीचा करारही वाचावा, कारण स्वतः लिहिलेल्या कोडचे हक्क अनेकदा कंपनीकडे असतात.

हक्क एका ठिकाणी सोपवण्याला माझा सरसकट विरोध नाही. डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केडीई या मुक्त प्रकल्पाची संस्था वापरते त्या विश्वस्त परवाना करारावर मी निःशंकपणे सही करीन. तो ऐच्छिक आहे, आणि संस्थेने मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वे सोडली तर तिला दिलेले हक्क संपुष्टात येतील अशी तरतूद त्यात आहे. ज्या करारात अशी तरतूद नसते आणि समोरच्या कंपनीला हवा तो परवाना लावण्याची मुभा असते, तेथे मी पॅच पाठवत नाही.