आधी अक्षर, मग वेलांटी

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावचे वाचनालय, जे गणेशचवथीचे दिवस सोडले तर एरवी कधी सलग बंद राहत नसे, बेमुदत बंद झाले. दोन-तीन आठवड्यांतच वाचकांचे फोन सुरू झाले. घरातली पुस्तके वाचून संपली होती, आणि वाचनालयात काय काय आहे त्याची यादी पाठवली तर निर्बंध सैल होताच पुस्तके घरपोच मागवता येतील, असे अनेकांचे म्हणणे होते. मी वाचनालयाचा चिटणीस आहे. संगणकावर ६,२०० नोंदींची यादी तयार आहे हे मला माहीत होते, त्यामुळे ती फाइल मी त्याच संध्याकाळी वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली.

पाच मिनिटांत एका वाचकाने आपल्या मोबाइलच्या पडद्याचे चित्र पाठवले आणि खाली कोकणीत विचारले, "हें कितें जालां?" पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस, टक्केवारीची चिन्हे आणि मध्येच एखादा उद्गारचिन्हांचा पुंजका, अशा ओळींमागून ओळी दिसत होत्या. मग दुसऱ्याचे तसेच चित्र आले, तिसऱ्याचे आले. सहा वर्षे खपून तयार केलेली यादी आमच्या एका जुन्या संगणकाबाहेर कोणालाही वाचता येत नव्हती, हे मला त्या संध्याकाळी कळले आणि त्याचे मनापासून वाईट वाटले, कारण त्या नोंदी करणाऱ्यांपैकी दोघे जण आता हयात नाहीत.

असे का झाले हे समजून घ्यायलाच मला बरेच दिवस लागले. आमचा पहिला संगणक २००४ मध्ये आला. गावच्या जत्रेची स्मरणिका ज्या मुद्रणालयात छापली जाई, तिथे मराठीसाठी जो फॉन्ट वापरत तोच आम्ही घेतला, कारण शिकवणारा माणूस तिथलाच होता. त्या काळातले असे फॉन्ट एका युक्तीवर चालत. संगणक आतमध्ये रोमन अक्षराचाच संकेत साठवून ठेवी आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार दाखवी. कागदावर छापून आलेली यादी सुबक दिसे, त्यामुळे आत मराठी साठवलेलीच नाही अशी शंका कोणाला आली नाही. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या प्रमाणपद्धतीच्या, १९९१ मधल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःचे संकेत मिळालेले होते आणि विंडोज २००० पासून ती सोय सर्वसाधारण संगणकांतही आली होती, म्हणजे २००४ मध्ये आम्हाला योग्य मार्ग धरणे शक्य होते. पण आम्हाला छापायचे होते, शोधायचे नव्हते, आणि छापण्यापुरते सगळे नीट चालले होते.

खरे तर एक खूण तेव्हाही डोळ्यांसमोर होती. यादी अकारविल्हे लावली की 'किल्ला', 'विहीर', 'शिदोरी', 'दिवा' ही सगळी एकाच ठिकाणी गोळा होत. या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे, म्हणून संगणकाच्या दृष्टीने या सर्व शब्दांचे आद्याक्षर वेलांटी हेच होते. आम्ही ती संगणकाची खोड समजून पुढे गेलो आणि छापण्यापूर्वी ओळी हाताने हलवून घेत राहिलो.

मे महिन्यात गावातला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी घरी अडकलेला होता. त्याने जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक प्रणाली शोधली आणि सगळी फाइल एका दुपारी बदलून दिली. मोबाइलवर मराठी दिसू लागले तेव्हा कार्यकारी समितीने काम संपले असे मानले. मलाही तसेच वाटले. आम्ही ती यादी पुन्हा गटावर टाकली, आणि या वेळी वाचक ती वाचू शकले म्हणूनच त्यांना त्यातल्या चुका दिसल्या.

सर्वांत जास्त चुका अर्ध्या र च्या होत्या. 'किनाऱ्यावर' चे 'किनार्यावर' झाले होते, 'दुसऱ्या' चे 'दुसर्या' झाले होते, आणि गिर्यारोहणावरच्या पुस्तकातल्या 'दऱ्या' आता 'दर्या' झाल्या होत्या. आम्हा गोव्यातल्या माणसांना दर्या म्हणजे समुद्र, त्यामुळे ते पुस्तक मासेमारीच्या पुस्तकांशेजारी येऊन बसले. काही ठिकाणी मात्र अर्धा र पडद्यावर अगदी बरोबर दिसे आणि तरीही शोधात सापडत नसे. हे कोडे त्या विद्यार्थ्याने मला शेजारी बसवून दाखवले. त्याने एकाखाली एक असा 'ऱ्या' दोनदा लिहिला होता, आणि डोळ्यांना दोन्हींत काहीही फरक दिसत नव्हता. मग त्याने पहिल्याच्या शेवटी जाऊन मागे खोडण्याची कळ दाबली. काना गेला, य गेला, हलन्त गेला, र गेला, म्हणजे चार दाबांत सगळे पुसले. दुसऱ्याला पाच दाब लागले. मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह होते. पहिल्यात मराठीसाठी असलेला ऱ हा वेगळा संकेत वापरला होता, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह. माणसाला दोन्ही सारखे, यंत्राला दोन निराळे शब्द. 'ॲ' चेही तेच झाले होते. त्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, आणि त्यामुळे काही नोंदींत एकसंध ॲ होता तर काहींत अ वर चंद्र चढवलेला होता.

तेव्हा एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ६,२०० नोंदी कोणीतरी मराठीवर बारीक नजर असलेल्या माणसानेच एकेक करून तपासायला हव्या होत्या, आणि असे माणूस आमच्याकडे एकच होते.

आमच्या ग्रंथपाल बाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांपैकी एकीत शिकलेल्या आणि पुढे तशाच शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर अल्प मानधनावर त्या रोज संध्याकाळी वाचनालय सांभाळत. २००४ पासून संगणकाच्या बाबतीत त्यांना आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्यांना ते जमणार नाही असे आम्ही परस्पर ठरवले होते, आणि या संपूर्ण प्रवासात आमची सर्वांत मोठी चूक कोणती असे मला विचारले तर मी फॉन्टचे नाव घेणार नाही, हीच सांगेन.

जूनमध्ये मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मी तरुणपणी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आहे. बसते मी. पण घाई करू नका."

पहिला आठवडा त्यांना फार जड गेला आणि त्याचे कारण टंकलेखनाची ती परीक्षाच होती. जुन्या टंकलेखन यंत्रावर पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, तर रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. बाईंची बोटे सवयीने वेलांटी आधी दाबत आणि पडद्यावर ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ उमटे, त्याला वेलांटी चिकटलेली. त्या थांबत, खोडत, पुन्हा लिहीत. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, हे तर मी मुलांना शिकवते तसेच आहे. श्रुतलेखनात आपण आधी क म्हणतो, मग म्हणतो क ला पहिली वेलांटी. कर्म लिहिताना क, मग र पाय मोडका, मग म. यंत्र दिसण्याप्रमाणे लिहायला लावत होते, हे बोलण्याप्रमाणे लिहायला सांगते." त्या दिवसानंतर वर्तुळ क्वचितच दिसले. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकाची एवढी नेमकी ओळख मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी करून दिली नव्हती. शिफ्ट धरून र दाबला की ऱ येतो, हे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले. ती चिठ्ठी अजून तिथे आहे.

पावसाळाभर वीज जात-येत राहिली, आणि दोनदा दुपारचे सगळे काम गेल्यावर आम्ही प्रत्येक पन्नास नोंदींनंतर प्रत काढून ठेवण्याचा नियम केला. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

सांगण्यासारखे आहे ते नावांबद्दल. एकाच लेखकाचे नाव आमच्या यादीत पाच-पाच प्रकारे लिहिलेले होते. कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरे आधी, आद्याक्षरांमध्ये कुठे मोकळी जागा तर कुठे नाही, काही लेखिका माहेरच्या आडनावाने एकीकडे आणि सासरच्या आडनावाने दुसरीकडे, टोपणनावे तर तिसरीकडेच. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांत लिहिणारे गोव्यातले लेखक दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या रूपांत विखुरलेले होते, कारण कोकणीत अनुस्वार ठेवण्याची रीत वेगळी. कपाटापाशी उभ्या असलेल्या बाईंना यामुळे कधी अडचण आली नव्हती. हे सगळे एकच गृहस्थ आहेत हे त्यांना पाठ होते. संगणकाला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. बाईंनी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक लेखकाचे एक मान्य रूप ठरवून बाकीची रूपे त्यापुढे लिहायला सुरुवात केली. ग्रंथालयशास्त्रात या कामाला स्वतंत्र शाखा आहे हे आम्हाला नंतर कळले. वही तोवर अर्धी भरली होती.

जुन्या पुस्तकांपैकी अनेकांवर प्रकाशनाचे साल फक्त शके पद्धतीने होते. शके १८७० मध्ये अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९४८ येते, पण पौष महिन्याच्या सुमारास इसवी साल बदललेले असते, म्हणून महिना दिलेला असेल तिथे तोही पाहावा लागे. मी हे सूत्र संगणकाला देऊन मोकळा होणार होतो. बाईंनी नकार दिला आणि एकेक पुस्तक उघडून पाहिले. छापखान्यांनी कधी शके, कधी संवत वापरला होता, आणि संवत इसवी सालाच्या पुढे सत्तावन वर्षे चालतो, त्यामुळे सरसकट बेरीज केली असती तर काही पुस्तके अजून छापलेलीच नाहीत अशी नोंद झाली असती.

२०२१ च्या सुरुवातीला आम्ही कोहा ही ग्रंथालय प्रणाली बसवली. ती मोफत आहे आणि तिचा उगम न्यूझीलंडमधील एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात झाला. त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी ही तयार करवून घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. कोहा या माओरी शब्दाचा अर्थच भेट असा आहे. प्रणाली बसवणे दोन दिवसांत झाले, फक्त शोधाची अनुक्रमणिका युनिकोडच्या नियमांनुसार बांधण्याचा पर्याय निवडावा लागतो, तो आम्ही आधी निवडला नव्हता आणि त्यामुळे जोडाक्षरे असलेले शब्द नीट सापडत नव्हते. कार्यकारी समितीने हिशेब तपासणीसाठी कागदी दाखल नोंदवही चालू ठेवण्याचा आग्रह धरला. तेव्हा मला तो अविश्वास वाटला, पण वर्षभर दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवल्यामुळे जवळजवळ नव्वद हरवलेली पुस्तके आणि दोनदा दाखल झालेली चाळीस पुस्तके सापडली, तेव्हा समितीचे बरोबर होते.

वाचकांचे शिकणे वेगळ्या वाटेने झाले. तरुण मंडळी शोधाच्या चौकटीत रोमन अक्षरांत मराठी लिहीत आणि पुस्तक नाही असे समजून परत जात. त्यांच्यासाठी आम्ही शीर्षकाचे रोमन रूपही नोंदीत जोडू लागलो, ते काम अजून चालू आहे. वयस्क वाचकांची अडचण कळफलकाची होती. त्यांना बाईंनी मोबाइलवर बोटाने लिहिण्याची सोय दाखवली. कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, सांभाळणारे एक आजोबा, ज्यांनी तोवर मोबाइल फक्त कानाला लावला होता, त्यांनी तर्जनीने पडद्यावर सावकाश 'शेती' असे लिहिले, शिरोरेघ अगदी शाळेतल्यासारखी शेवटी ओढली, आणि खाली छापील अक्षरांत तोच शब्द उमटलेला पाहून हात मागे घेतला. मग पस्तीस पुस्तकांची यादी आली. ती त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि त्यातले एक पुस्तक आपणच तीस वर्षांपूर्वी वाचनालयाला दिले होते, असे सांगितले. आता ते दर शनिवारी येण्यापूर्वी घरूनच शोध घेऊन येतात आणि दाखल क्रमांक हातावर लिहून आणतात.

गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यातील एका वाचनालयाने आमची यादी मागितली, कारण त्यांनाही हेच काम सुरू करायचे होते. मी यादी आणि बाईंच्या नावांच्या वहीची टंकलिखित प्रत व्हॉट्सॲपवर पाठवली. ती त्यांच्या मोबाइलवर जशीच्या तशी उघडली. रात्री त्यांच्या ग्रंथपालांनी आमच्या यादीतल्या दोन चुका कळवल्या. एक शके सालाची होती आणि एका लेखिकेच्या आडनावात ऱ्हस्व-दीर्घाची. बाईंनी दुसऱ्या दिवशी कपाटातून दोन्ही पुस्तके काढून पाहिली, दोन्ही चुका दुरुस्त केल्या आणि त्या लेखिकेची आणखी तीन पुस्तके त्यांच्याकडे आहेत का, असे विचारायला मला सांगितले.