आमची वाटचाल : पाटीपासून भिंतीपर्यंत

आमचे तात्या बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकवरची अक्षरं, मंडळांचे पडदे. फ्लेक्स आला आणि हातचं काम बसलं. मी कलाशिक्षण संपवून घरीच होतो. तात्यांच्याच गाळ्यात फ्रेमा करायला लागलो. आमचा धंदा फ्रेमांतून सुरू झाला, कला मागून आली.

फ्रेमच्या उरलेल्या पट्ट्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथखाली पडणारा लोखंडाचा कीस, सुभाषनगरातल्या चपलांच्या कातड्याच्या कातरणी, गोणपाट; सगळं प्लायवूडवर चिकटवायचं, वर ॲक्रिलिक. याला मिक्स मीडिया म्हणतात. कोल्हापूरला त्याचं नवल नसावं. बाबूराव पेंटर सुतारकामाच्या घरातले. नाटकाचे पडदे रंगवले, पुतळे केले, कॅमेरा घडवला, १९२० साली स्वतःचा पहिला चित्रपट आणला. आणि राजारामपुरीतल्या संग्रहालयात नट-चित्रकार चंद्रकांत मांडरेंची पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी रंगपूड चोळून केलेली निसर्गचित्रं शाळेत असताना पाहिली. ब्रशशिवाय चित्र होतं, हे मला तिथं कळलं.

पहिली मोठी ऑर्डर एका हॉटेलची, सहा बाय चार फूट. कातडं आणि कीस शेजारी-शेजारी, खाली फेविकॉल. पावसाळ्यात मालकांचा फोन : "अहो, तुमच्या चित्राला बुरशी आलीय." जाऊन बघतो तर तांबूस कातडं शाईसारखं काळं. बुरशी नव्हतीच. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, ओलाव्यात लोखंडाला भेटलं की काळं पडतं. पूर्वी शाई याच जोडीतून करायचे. कातरणी देणारे काका हसले, "हिरड्याला लोखंड दावायचं नसतंय रं."

पैसे परत दिले, चित्र उचलून आणलं. तेव्हापासून कीस सोड्याच्या पाण्यात धुऊन तेल काढतो, वाळवून लॅकरचे दोन हात मारतो. काळा हवा असेल तिथं मात्र मुद्दाम उलटं करतो : कीस व्हिनेगरमध्ये भिजत घालायचा आणि ते पाणी ब्रशनं कातड्यावर फिरवायचं. डोळ्यांदेखत काळं चढतं. डब्यातल्या काळ्याला ती खोली नाही.

आता आम्ही चौघं आहोत. हॉटेलं, दवाखाने, बंगले, कामं येतात. गिऱ्हाईक अजून स्क्वेअर फुटाचा दर विचारतं. तात्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, पाटीचा दर तसाच असायचा. त्यावरून आमचं आठवड्यातून एकदा तरी वाजतं.