बटणाच्या नावावर विसंबल्याची गोष्ट

आमच्या भागातील एका ग्रंथालयाच्या सभासद-नोंदणीचा फॉर्म मी पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता. फॉर्म सबमिट झाला की नाही हे ओळखण्यासाठी, ‘पोस्ट’ने (फॉर्मची माहिती सर्व्हरकडे पाठवण्याच्या पद्धतीने) आलेल्या माहितीत बटणाचे नाव आहे का एवढेच मी ‘इसेट’ (isset) या फंक्शनने तपासत असे. पुढे पान संथ झाले की लोक बटण दोनदा दाबू लागले आणि नोंदी दुहेरी होऊ लागल्या, म्हणून सबमिट होताक्षणी बटण निष्क्रिय करणारी दोन ओळींची जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) मी जोडली. दुहेरी नोंदी थांबल्या, एकेरीही थांबल्या.

सर्व्हरवरील चुकांची नोंदवही, म्हणजे एरर लॉग, कोरा होता. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडल्यावर दिसले की नाव, पत्ता, फोन सगळे सर्व्हरकडे जात होते, फक्त बटण जात नव्हते. सबमिटची घटना घडून गेल्यावर ब्राउझर माहिती गोळा करतो आणि त्यात निष्क्रिय घटक वगळतो. स्क्रिप्टमधून फॉर्मचे ‘सबमिट’ फंक्शन थेट बोलावले, तरी बटणाचे नाव जात नाही. म्हणजे ज्या खुणेवर मी विसंबलो होतो, ती येणे बंधनकारकच नव्हते.

मग मी रिक्वेस्ट मेथड (ब्राउझरने विनंती कोणत्या पद्धतीने पाठवली ते) ‘पोस्ट’ आहे का हे तपासू लागलो आणि नोंदणी व नूतनीकरण हे दोन फॉर्म एकाच पानावर असल्यामुळे प्रत्येकात त्याची ओळख सांगणारे एक हिडन फील्ड (पानावर न दिसणारा रकाना) ठेवले. नोंद झाल्यावर ३०३ रीडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पानाकडे वळवणारे उत्तर) दिल्याने पान रिफ्रेश करून होणारी पुनरावृत्तीही टळली. (हे आधीच करायला हवे होते.)

तरीही एका आजोबांची तक्रार उरली: सगळे भरूनही ‘नाव आवश्यक आहे’ असाच संदेश त्यांना येई. त्यांनी फॉर्मला जोडलेला, मोबाइलवर काढलेला मूळ फोटो ११ एमबींचा होता आणि आमच्या सर्व्हरवर ‘पोस्ट मॅक्स साइझ’ची (पोस्टने येणाऱ्या एकूण माहितीच्या आकाराची) पीएचपीतली मूळची ८ एमबींची मर्यादा तशीच होती. ती ओलांडली की पीएचपी आलेली माहिती ज्यांत ठेवते ते ‘पोस्ट’ आणि ‘फाइल्स’ हे दोन्ही अ‍ॅरे (याद्या) रिकामे ठेवते, त्यामुळे नावच काय, हिडन फील्डही हाती लागत नाही. मेथड मात्र ‘पोस्ट’च राहते. आता मेथड ‘पोस्ट’, दोन्ही अ‍ॅरे रिकामे आणि कंटेंट लेंग्थ (ब्राउझरने कळवलेला माहितीचा आकार) मर्यादेहून जास्त, असे एकत्र आढळले की ‘फोटो फार मोठा आहे’ असा संदेश जातो. आजोबांनी फोटो लहान करून पाठवला आणि त्यांची नोंद झाली.