बोअर कुठल्या रकान्यात लिहायचा?

दिवाळीत सावळजला गेलो तेव्हा माळ्यावर अण्णांची द्राक्षबागेची वही सापडली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. बेदाणा, छाटणीची मजुरी, औषधं. आणि मधूनमधून, खर्चातच: '१९९१ बोअर, १८० फूट'. '२००३ बोअर, ४२० फूट'. '२०१६ बोअर, ७५० फूट, फुफाटा'.

फुफाटा म्हणजे पाणी नाहीच, नुसती धूळ उडाली.

बोअरला लागलेला पैसा वहीत आहे. जमिनीखालचं पाणी गेलं, त्याला रकानाच नाही.

मी सांगलीत अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून जरा हसू आलं. देशाची वही अशीच असते. जीडीपीत बोअर मारणाऱ्या गाडीची कमाई धरतात. २०१९च्या पुरानंतर आमच्या गल्लीत घरोघरी नवे फ्रिज आले, तेही धरतात. वाहून गेलेले जुने कोणी वजा करत नाही.

जागतिक बँक निदान प्रयत्न करते. 'समायोजित निव्वळ बचत' काढताना राष्ट्रीय बचतीतून यंत्रं-इमारतींची झीज, उपसलेलं तेल, खनिजं, जंगलाची घट आणि प्रदूषणाचं नुकसान वजा करतात. शिक्षणावरचा खर्च मात्र मिळवतात. आकडा वर्षानुवर्षं उणे राहिला तर देश मुद्दल खातोय. गंमत अशी की या हिशेबात भूजल धरत नाहीत. म्हणजे आमचा बोअर तिथूनही सुटला!

हे सगळं अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "पाणी उपसलं खरं. पर त्यावरच तुमची दोघांची शिक्षणं झाली न्हवं?"

आली का पंचाईत! १९७७ साली जॉन हार्टविक या अर्थतज्ज्ञानं गणित करून हेच मांडलं होतं: संपणाऱ्या साठ्यातून मिळालेला नफा दुसऱ्या भांडवलात गुंतवत राहा, पुढच्या पिढीचं पोट मारलं जाणार नाही. प्रशांत महासागरातल्या नौरू या चिमुकल्या बेट-राष्ट्रानं फॉस्फेट खणून मिळवलेला पैसा उधळला आणि कंगाल झालं. अण्णांनी एक पैसा उधळला नाही. हार्टविकच्या कसोटीला आमचं घर उतरतं.

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "शिकलास ते बेस झालं. पर तुझा पगार वेलाच्या बुडाशी वतायचा का आता?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात बांधावर टँकरचा हॉर्न वाजला आणि अण्णा पाइप धरायला उठले.