झाकण सापडलं!

परवा दुपारी फ्रिज सरकवला. सरकवायचा काहीच बेत नव्हता, पण ओट्यावरचं लिंबू घरंगळत नेमकं फ्रिजखाली गेलं आणि उन्हाळ्यात लिंबू काय भावाने मिळतं ते मी सांगायला नको. लिंबू तर मिळालंच, शिवाय 2 रुपयांचं नाणं, चारपाच रबरबँड, मुलीच्या कंपासपेटीतला कर्कटक (मुलगी आता नोकरी करते, त्यावरून फ्रिज किती वर्षांनी हलला ते तुमचं तुम्ही समजून घ्या) आणि भिंतीला टेकून निवांत उभं असलेलं, जळमटं लागलेलं एक स्टीलचं झाकण.

झाकण! माझ्या उभ्या डब्याचं! लग्नात आत्याने दिलेला डबा, पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'सप्रेम भेट' आणि तारीख, त्याचं झाकण सात-आठ वर्षांपूर्वी असं काही गायब झालं की मी तेव्हाच्या कामवाल्या मावशींवरसुद्धा मनातल्या मनात संशय घेऊन बसले होते, देव मला माफ करो. तेव्हापासून त्या डब्यावर ताटली असते. आणि ताटलीवर वाटी, कारण ताटली सरकते.

आता हे सांगायचं कुणाला? नवरा आत झोपलेला, उठवून सांगितलं असतं तर 'बरं' म्हणून कुस बदलली असती. मुलगी ऑफिसात. शेजारचं दार बंद, ते तसं कायमच बंद असतं, आत माणसं आहेत हे फोडणीच्या वासावरून कळतं तेवढंच. मग मी काय केलं, तर झाकण धुवायच्याही आधी, जळमटांसकट त्याचा फोटो काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सापडलं!!!'

आमचा ग्रुप म्हणजे चौघी जणी. एक नागपूरची, एक बेळगावची, एक न्यू जर्सीत आणि मी. क्रोशाच्या तोरणाच्या एका नमुन्यात सहावी ओळ चुकीची छापली होती, त्यावरून 2014 साली ऑनलाइन ओळख झाली, तोरणं कधीच मागे पडली, ओळख राहिली. चौघी एकत्र अशा अजून भेटलेलो नाही. बेळगावच्या बाईंना मी एकदा मिरज स्टेशनवर गाठलं होतं, गाडी सुटेपर्यंत वीस मिनिटं, त्यातली दहा 'तुम्ही फोटोत उंच वाटता' यात गेली आणि उरलेली दहा त्यांनी आणलेल्या कुंद्याच्या डब्याला प्लास्टिकची पिशवी शोधण्यात. पण त्यांच्या ओट्यावरचा मिक्सर कुठल्या कोपऱ्यात आहे ते मला माहिती आहे आणि माझ्या ह्या डब्याला झाकण नाही हे त्या तिघींना माहिती आहे, म्हणजे नुसता फोटो टाकून 'सापडलं' म्हटलं की पुरतं. इतिहास सांगावा लागत नाही. इतिहास सांगायला लागला की बातमीतली निम्मी गंमत जाते.

मोठ्या बातमीचं तसं नसतं. मोठ्या बातमीला वाहन कायम होतंच. मुलगा झाला पेढे, मुलगी झाली बर्फी, दारात कुणी पुडा घेऊन आलं की आत काय आहे ते बघून काय झालंय ते कळायचं (मला मात्र बर्फीच आवडायची, त्यामुळे गल्लीत मुली व्हाव्यात अशी माझी फार इच्छा असे). तार होती, म्हणजे तार आली की आधी रडायचं आणि मग वाचायची हा भाग वेगळा, पण शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना नंबर होते, तुम्ही पोस्टात नुसता नंबर सांगायचा, पलीकडे अख्खं वाक्य पोचायचं. 2013 च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा मला पहिल्यांदा त्या नंबरांचं वाईट वाटलं. काही नाही तर एसटीडी, तेही रात्री अकरानंतर, पाव दरात. माझा भाचा जन्मला दुपारी दोनला, आम्हाला कळला रात्री सव्वा अकराला.

पण झाकण सापडलं, म्हणून कुणी तार केल्याचं ऐकलंय का? पोस्टकार्ड आज पन्नास पैशांना मिळतं, तरी त्यावर सुद्धा कुणी फक्त एवढंच लिहिणार नाही, लिहिलं तर घरचे डॉक्टरला दाखवतील. ह्या असल्या बातम्या आमच्या वाड्यात नळावर सांगायच्या असत. 'आज दही काय लागलंय!' 'आमची मांजर आली हो परत!' बादली भरेपर्यंत बातमी संपायची. आता नळ घरात आला.

वाड्यावरून आठवलं. दहावीला काकाला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा मला पेढे वाटायला पाठवलं होतं. मी सात-आठ वर्षांची. स्टीलची ताटली, वर आईने विणलेला रुमाल, रुमालाला कडेने मणी, आणि 'पळायचं नाही, आणि खायचा नाही' अशी ताकीद. पहिल्या माडीवरच्या काकू पेढा घेऊन आत जायच्या, देवापुढे ठेवायच्या, मी उंबऱ्यात उभी. मग त्या ताटली परत करताना त्यात चिमूटभर साखर घालायच्या. रिकामी ताटली परत द्यायची नाही. साखर नसेल तर दोन शेंगदाणे. एकदा कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींकडे काहीच निघालं नाही, महिनाअखेर असणार, तर त्यांनी कुंडीतलं तुळशीचं पान ठेवलं होतं. मी घरी आले तेव्हा ताटलीत सगळ्यांची मिळून मूठभर साखर, चार शेंगदाणे आणि एक पान असं जमलं होतं आणि जिन्यात उभं राहून मी त्यातली अर्धी साखर चाटून संपवली होती. खायचा नाही हे पेढ्याबद्दल होतं, साखरेबद्दल कुणी बोललं नव्हतं.

म्हणून मला ते मेसेजवर अंगठा चिकटवतात ना, त्याचा राग येतो. 2022 मध्ये व्हॉट्सॅपवाल्यांनी ती सोय आणली, आणि लोक बोलायचेच बंद झाले. आपण हौसेने काहीतरी टाकावं आणि खाली नुसता एक पिवळा अंगठा यावा, ही रिकामी ताटली परत केल्यासारखं झालं. एक शब्द लिहा! 'वा' लिहा! 'अगोबाई' लिहा! आमच्या ग्रुपवर अंगठ्याला बंदी आहे, लेखी नाही, पण आहे.

आणि एक आहे. मोठी बातमी सांगायला मला भीती वाटते. आमच्या आजीचं डोक्यात बसलंय, बोलू नये, दृष्ट लागते. मुलीच्या नोकरीचं पत्र हातात पडून ती रुजू होऊन पहिला पगार होईपर्यंत मी ग्रुपवर चकार शब्द काढला नव्हता, त्यावरून नंतर बोलणी खाल्ली. पण झाकणाला कोण दृष्ट लावणार? एवढ्याशा गोष्टीचा हेवा कुणी करत नाही, त्यामुळे ती बिनधास्त, मीठ-मोहऱ्या न ओवाळता सांगता येते.

तर. फोटो टाकला तीनच्या सुमारास. न्यू जर्सीत पहाटेचे साडेपाच. तिची सकाळची शिफ्ट असते, ती उठलेलीच होती. 'अगं बाई!! कुठे होतं??' मी म्हटलं फ्रिजमागे. बेळगावहून व्हॉइस मेसेज आला, त्यात आधी कुकरची शिट्टी, मग 'तरी मी तेव्हाच म्हटलेलं की घरातच असणार ते.' म्हटलं नव्हतं. पण असू दे.

नागपूरचं काही येईल असं मला वाटलंच नव्हतं. फेब्रुवारीत तिची आई गेली. त्यानंतर ती वाचायची सगळं, खाली निळ्या खुणा दिसायच्या, बोलायची नाही. आम्हीही मग जरा जपूनच, म्हणजे तिच्यासमोर हसायचं की नाही असं झालं होतं, कुणी रोपाला आलेल्या कळीचा फोटो टाकायचं आणि लगेच वाटायचं, टाकायला नको होता का. परवासुद्धा पाठवल्यावर माझ्या पोटात एकदम धस्स झालं. काय हे, तिचं काय चाललंय आणि मी झाकण नाचवतेय.

चारला तिचा मेसेज आला. 'आता त्यात काय भरणार?'

मी म्हटलं चिवडा.

'पोह्यांचा की चुरमुऱ्यांचा?'

मग काय विचारता. पातळ पोहे उन्हात ठेवायचे की कढईत हलवून घ्यायचे, खोबरं कापाचं की किसाचं, न्यू जर्सीवाली मक्याचे घालते हे कळल्यावर तिला सगळ्यांनी मिळून झापलं, त्यात सर्वांत पुढे नागपूर. तिची आई म्हणे चिवड्यात थोडी धनेपूड घालायची, शेवटी, गॅस बंद केल्यावर. हे तिनेच सांगितलं. साडेपाच वाजले, नवरा उठून चहाचं विचारून गेला, दोनदा.

ते सगळं थंडावल्यावर मी झाकण घासलं. विम लावून, तारेच्या घासणीने, चकचकीत. कोरडं करून डब्यावर ठेवलं.

बसलं नाही. पाव इंच लहान. दुसऱ्याच कुठल्यातरी डब्याचं आहे ते, जो डबा माझ्याकडे आता नाही, किंवा कधीच नव्हता.

ग्रुपवर काही बोलले नाही. चिवडा केला, धनेपूड घालून, वरून फक्त चिवडाच दिसेल असा जवळून फोटो टाकला. डब्यावर ताटली आहे. ताटलीवर वाटी.