करकरीची किंमत किती?

‘करकर वाजणारी कापशी चप्पल हवी का?’ असं कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये कुणालाही विचारा, ‘व्हय’च म्हणणार. त्या होकाराला किंमत नाही. काहीतरी सोडायला लावलं की खरी आवड कळते.

म्हणून दोन वेगळ्या प्रकारच्या चपला शेजारी ठेवून, अशा जोड्या दाखवायच्या आणि यातली कुठली घेणार ते विचारायचं. समजा किंमत 600, 900, 1200, रंग तीन, तळ जाड किंवा पातळ, करकर आहे किंवा नाही. एकूण 36 प्रकार, त्यांच्या 630 जोड्या. एवढं कोण बघत बसणार? त्यातून 18 निवडा, दोन गट करा, माणशी 9. दहाव्या-बाराव्या जोडीपर्यंत लोक कंटाळून नुसतं बोट दाखवतात.

हमखास चूक होते ती इथं: जाड तळ कायम 1200 लाच ठेवला, तर पसंती तळाला की नापसंती किंमतीला, हे कुठलंच गणित वेगळं करू शकत नाही. दुसरी चूक, बाकी सगळं सारखं आणि एक फक्त स्वस्त अशी जोडी. उत्तर आधीच ठरलेलं, जोडी वाया. डावी-उजवी बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘यातलं एकही नको’ हा पर्याय हवाच. गिऱ्हाईक रिकाम्या हातानंही जातं की!

माणसं किती? ढोबळ नियम: 500 गुणिले सर्वाधिक पातळ्या (एका गुणाचे जास्तीत जास्त प्रकार; इथं किंमत, रंग यांचे 3), भागिले माणशी जोड्या गुणिले जोडीतले पर्याय (9 गुणिले 2). म्हणजे 1500 भागिले 18, निदान 84. मी दीडशेच्या खाली जाणार नाही.

विश्लेषणाला अर्थतज्ज्ञ मॅकफॅडनचं लॉजिट मॉडेल, म्हणजे लोकांच्या निवडीवरून प्रत्येक गुणाचं वजन (गुणांक) काढणारं गणित (याच कामासाठी 2000 चं नोबेल). करकरीचा गुणांक 0.6 आणि दर रुपयाचा उणे 0.004 आला, तर 0.6 भागिले 0.004, करकर 150 रुपयांची.